हवा किती लागते? घरच्या शेडसाठी कॉम्प्रेसर घेताना

कॉम्प्रेसरच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपी?" दुसरा येतो, "टाकी किती लिटरची?" या दोन्हींची उत्तरं दिली की दुकानदार बिल करायला घेतो. मला मात्र कॉम्प्रेसर निवडायला बरेच महिने लागले आणि त्यातला बहुतेक वेळ तिसऱ्याच प्रश्नावर गेला: माझं जे हत्यार सगळ्यात जास्त वेळ, न थांबता चालणार आहे, ते मिनिटाला किती हवा ओढतं? घरच्या शेडमध्ये मोठा कॉम्प्रेसर बसवायचा विचार असेल, तर याचं उत्तर हातात आल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये, असं माझं ठाम मत आहे.

आमचं घर कोल्हापूरला पाचगावच्या बाजूला आहे. मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात वडिलांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. फियाट ११०० ची ही पुढची पिढी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. इंजिनाचं काम आवाक्यातलं होतं, पत्र्याचं तसं नव्हतं. दरवाजांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ, मागच्या मडगार्डांच्या आतल्या बाजू, जिथे पाणी साचून राहतं तिथे तिथे गंजाने पत्रा खाल्ला होता. सडलेला भाग कापायचा, नवा पत्रा वेल्ड करायचा, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं. हे सगळं मला स्वतःच्या हाताने करायचं होतं आणि सुट्टीच्या दिवसांतच करायचं होतं. म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं काम. टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या यंत्रावर ते निघणार नव्हतं.

सुरुवात मी हत्यारांपासून केली. चाकांचे नट काढायची अर्धा इंची इम्पॅक्ट गन जोरात हवा ओढते, पण काही सेकंदच. नट सुटला की हात थांबतो, तोवर टाकी सांभाळून घेते. फुंकायची गन, टायर भरणं, रिव्हेट मारणं ही किरकोळ गिऱ्हाइकं. खरा खादाड निघाला तो हवेवर चालणारा गोल सँडर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे डीए म्हणतात. सहा इंची डीए पूर्ण दाबावर मिनिटाला साधारण ३०० ते ४५० लिटर हवा घेतो. डबीवर मात्र अनेकदा याच्या चौथाई आकडा छापलेला असतो, कारण तो सरासरीचा असतो: मिनिटातली पंधराच सेकंद हत्यार चालेल असं धरून काढलेला. लांबी घासताना कोण पंधरा सेकंद घासून पंचेचाळीस सेकंद थांबतो? एका दरवाजावर डीए सलग दहा-पंधरा मिनिटं फिरतो. म्हणून डबीवरचा आकडा सरासरीचा आहे की सलग चालण्याचा, हे विचारल्याशिवाय मी एकही आकडा वहीत उतरवला नाही.

मग आणखी एक यादी केली, घरी न करण्याच्या कामांची. कॉम्प्रेसर केवढा घ्यायचा हे ठरवण्यात तिचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

पहिलं काम ब्लास्टिंगचं. चाकांच्या रिमा, सस्पेन्शनचे आर्म यांवरचा गंज वाळू मारून काढावा, असा मोह कुणालाही होतो. पण जेमतेम ३ मिलिमीटर भोकाचा नोझलसुद्धा सात किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो) दाबावर मिनिटाला साडेपाचशे लिटरच्या आसपास हवा सोडतो आणि भोक झिजत मोठं होईल तशी हवेची भूक झपाट्याने वाढते. शिवाय नदीच्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. घरी लहान मुलं आहेत, शेजारी माणसं राहतात. ते काम शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बाहेर द्यायचं ठरलं आणि त्या क्षणी माझी हवेची गरज बरीच खाली आली.

दुसरं काम शेवटच्या रंगाचं. हल्लीच्या दोन डब्यांच्या पीयू (पॉलीयुरेथेन) रंगात हार्डनर असतो आणि त्यात आयसोसायनेट असतात. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उसळू शकतो. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि तेलावर चालणाऱ्या पिस्टन कॉम्प्रेसरची हवा तशीच्या तशी श्वासाला घ्यायची नसते. म्हणून शेवटचा रंग बूथ असलेल्या रंगाऱ्याकडे. घरी फक्त इपॉक्सी प्रायमर, तोही योग्य कार्ट्रिजचा मास्क लावून आणि शेडची दोन्ही दारं उघडी ठेवून.

या दोन वजाबाक्यांनंतर चित्र स्वच्छ झालं. न थांबता चालणारं माझं हत्यार म्हणजे डीए. मी घ्यायचं ठरवलेला डीए ३५० लिटरचा होता. त्यामुळे टाकीत प्रत्यक्ष पोचणारी हवा मिनिटाला ३५० लिटरच्या थोडी वर हवी.

इथून दुकानं सुरू झाली. शिवाजी उद्यमनगरात आणि आसपास यंत्रसामग्रीची दुकानं भरपूर आहेत. एका ठिकाणी मला ३ एचपीचा, १६० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर दाखवला आणि सांगितलं, "साहेब, बारा सीएफएम आहे, रंगाचं दुकान चालेल यावर." एक सीएफएम म्हणजे मिनिटाला एक घनफूट, २८.३ लिटर, म्हणजे हे झाले ३४० लिटर. कागदावर माझ्या गरजेच्या अगदी जवळ. पण हा आकडा पिस्टनने रेटलेल्या जागेचा असतो. सिलिंडरचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक गुणिले फेरे एवढाच तो हिशोब. टाकीत तेवढी हवा कधीच जात नाही. पिस्टन वर गेला तरी सिलिंडरच्या डोक्यात थोडी दाबलेली हवा शिल्लक राहते, ती खाली येताना पसरते आणि नव्या हवेची जागा अडवते. आत आलेली हवा गरम होऊन फुगते. व्हॉल्व्ह थोडे गळतात. एका टप्प्याच्या पंपात सात किलो दाबावर जेमतेम ६५ ते ७५ टक्के हवा पलीकडे पोचते. म्हणजे त्या बारा सीएफएमची खरी हवा २४० लिटरच्या आसपास. या खऱ्या हवेला एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी) म्हणतात आणि विचारायचा आकडा तो आहे.

दोन टप्प्यांच्या पंपात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. त्यात मोठा सिलिंडर बाहेरची हवा घेऊन ती अर्धवट दाबतो, मग ती पंखांच्या नळीतून थंड होते आणि लहान सिलिंडर तीच हवा पुढे दाबतो. त्यामुळे हिशोबात फक्त मोठा सिलिंडर धरायचा. एका पत्रकात दोन्हींची बेरीज छापलेली मी पाहिली आणि ते पत्रक तिथेच ठेवलं.

टाकीबद्दलचं माझं मत मात्र एका रंगाऱ्याने पक्कं केलं. उद्यमनगरात तीसेक वर्षं डेंटिंग-पेंटिंग करणारे एक मामा आहेत. त्यांना मी विचारलं, २२० लिटरची टाकी घेऊ की ३०० ची? हातातली गन न ठेवता ते म्हणाले, "टाकीकडं बघू नका, पंपाकडं बघा. पंप दमला की टाकी किती बी मोठी असूदे, गन थुंकायला लागती." टाकी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी, मोटरीपेक्षा जास्त पाणी सतत वापरलं तर ती केव्हातरी रिकामी होणारच. आकड्यांत सांगायचं तर १६० लिटरच्या टाकीत आठ किलोवरून पाच किलोवर येईपर्यंत ४८० लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाला मोजलेली) हवा मिळते. पंप मिनिटाला २४० देतोय आणि डीए ३५० ओढतोय, तर दर मिनिटाला ११० ची तूट. साडेचार मिनिटांत दाब पाचच्या खाली आणि डीए सुस्त. टाकी दुप्पट केली तर नऊ मिनिटं मिळतील, पण मग ती भरायलाही दुप्पट वेळ. आणि पंप सतत फिरत राहिला की तापतो. पिस्टन कॉम्प्रेसरला तासातली वीसेक मिनिटं तरी विसावा लागतो, नाहीतर तेल करपून व्हॉल्व्ह प्लेटवर काजळी धरते.

म्हणून नजर ५ एचपीच्या दोन टप्प्यांच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रावर गेली. पिस्टनऐवजी फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरचाही विचार केला. आवाज कमी, हवा सलग. पण तो दिवसभर चालण्यासाठी बनवलेला असतो. सुट्टीच्या दिवशी थोडा थोडा चालवला तर पुरता तापत नाही, तेलात पाणी साठतं आणि आतले बेअरिंग खराब होतात. किंमतही कितीतरी जास्त. तो विचार तिथेच थांबला. मोटरीवरच थेट बसवलेले, बिनतेलाचे, २८०० फेऱ्यांनी किंचाळणारे छोटे कॉम्प्रेसर मी पाहिलेही नाहीत. टायर आणि घरची बारीक कामं यासाठी ते ठीक.

शेवटी एका दुकानदाराने यंत्र चालवून दाखवायची तयारी दाखवली. हे मी प्रत्येकाला सांगेन: मनगटी घड्याळ घेऊन जा. ड्रेन कॉकने टाकी चार किलोपर्यंत खाली आणली, सगळे कॉक बंद केले, मोटर चालू केली आणि काटा आठवर जाईपर्यंतचा वेळ मोजला. टाकी २२० लिटरची, दाब वाढला चार किलो, म्हणजे आत गेली सुमारे ८८० लिटर मोकळी हवा. वेळ लागला सव्वादोन मिनिटं. भागाकार ३९१ लिटर. पत्रकावर २० सीएफएम, म्हणजे ५६६ लिटर लिहिलेलं होतं. खरी हवा त्याच्या ६९ टक्के. टाकीतली हवा या वेळी गरम असते, म्हणून खरा आकडा याहून थोडा कमीच धरायचा. तरीही माझी ३५० ची गरज भागत होती. मोटरीवर आठ इंची पुली, पंपावर चौदा इंची व्हील, मोटर १४४० फेऱ्यांची, म्हणजे पंप मिनिटाला आठशेवीसच्या आसपास फिरतो. संथ फिरणारा पंप कमी तापतो आणि जास्त टिकतो. दुकानदाराने न कंटाळता हे सगळं करू दिलं, त्याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता वीज. इथे बरेच जण अडतात आणि अडायलाच हवं. घराला सिंगल फेज जोडणी होती. सिंगल फेजवर ३ एचपीची मोटर चालताना १४-१५ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं, तेव्हा अशी मोटर नुसती घुमते, उठत नाही आणि कपॅसिटर जातो. ५ एचपी सिंगल फेजवर चालवायची म्हणजे पंचवीस अँपिअरच्या वरची गोष्ट. तीच मोटर थ्री फेजवर साडेसात अँपिअरमध्ये चालते, कपॅसिटर लागत नाही आणि जोरात उठते. वायरमननेही थ्री फेजशिवाय पाच एचपीला हात लावू नका म्हणून बजावलं.

शेडमागच्या शेतात पंपाची थ्री फेज लाइन आहे. "तिथूनच एक केबल ओढा की," असं सांगणारे चार जण भेटले. शेतीच्या जोडणीवर दुसरं काही चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि शेतीची वीज येते तीही ठरलेल्या तासांतच. वीजबिलावरचा मंजूर भार पाहिला, घरच्याच जोडणीचा भार वाढवून थ्री फेज करण्याचा अर्ज महावितरणकडे केला. थ्री फेजचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त येतो, तो मी यंत्राच्या किमतीतच धरला. मग मीटरपासून शेडपर्यंत स्वतंत्र केबल, ओव्हरलोड रिले असलेला स्टार्टर, एक फेज गेला तर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर आणि वेगळं अर्थिंग. फेज जाण्याचा त्रास आमच्या भागात नेहमीचा आहे, दोन फेजवर चालत राहिलेली मोटर जळते. प्रिव्हेंटरवर पैसे वाचवू नयेत.

मधल्या काळात एक जुना कॉम्प्रेसरही पाहायला गेलो होतो. बंद पडलेल्या वर्कशॉपमधला, भक्कम बिडाचा पंप, निम्म्याहून कमी किंमत. पंप खरंच उत्तम होता. पण टाकीवरची पट्टी उखडलेली होती. किती दाबासाठी बनवली, किती दाबावर पाणी भरून तपासली, साल कोणतं, काहीच नाही. टाकी आतून, तळाला गंजते. वरून रंग नवा असला तरी काही कळत नाही. २२० लिटरच्या टाकीत आठ किलो दाबाची हवा फुटून बाहेर आली तर सुटणारी ऊर्जा सुमारे २३० किलोज्यूल होते. पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आसपास. ती ताशी ८० किलोमीटरने धावताना तिच्यात साधारण तेवढीच ऊर्जा असते. ती ऊर्जा मी माझ्या शेडमध्ये, स्वतःपासून दोन हातांवर, पट्टी नसलेल्या टाकीत भरून ठेवणार नव्हतो. पंप आवडला असेल तर तो घ्यावा आणि टाकी नवी, तपासणीच्या कागदासह घ्यावी. मालकाला पंप वेगळा विकायचा नव्हता.

यंत्र घरी आल्यावर जागेचा प्रश्न. शेडच्या आत ठेवायचा नाही हे आधीच ठरलं होतं. प्रेशर स्विच आणि स्टार्टरमध्ये ठिणगी पडते आणि आत थिनरची वाफ असते. मागच्या भिंतीला लागून जाळीची खिडकी असलेली छोटी खोली बांधली. पंपाचं व्हील हाच त्याचा पंखा असतो, म्हणून पट्ट्याची बाजू भिंतीपासून फूट-दीड फूट लांब ठेवली. पायांखाली जाड रबर. वाकड्या जमिनीवर पाय बोल्टने आवळले तर टाकीच्या वेल्डिंगवर ताण येतो आणि तिथेच तडा जातो, म्हणून आधी लेव्हल केली आणि मग रबर. आवाज तरीही होतोच. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पिस्टनचा पंप जवळून ऐकला तर ८० च्या घरात जातो. खोलीच्या भिंतींनी तो बराच दबला, आणि दुपारी दोन ते चार शेजारच्या आजी झोपतात तेव्हा मोटर बंद.

पाण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण कोल्हापूरच्या पावसात हवा निम्मी भिजलेलीच असते. जुलैत २५ अंश तापमानाला घनमीटर हवेत वीसेक ग्रॅम वाफ असते. माझा पंप पाऊण तास चालून पंधरा घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे त्यात ३०० ग्रॅम पाणी. सात किलोवर दाबून ती हवा पुन्हा थंड झाली की तिच्यात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच मावतं. उरलेलं पाव लिटर पाणी कुठेतरी पडणारच: टाकीत, पाइपात, नाहीतर थेट प्रायमरमध्ये. म्हणून हवा थंड व्हायला लांबी द्यायची. मी शेडच्या तीन भिंतींवरून ॲल्युमिनियमचा पाइप फिरवला, थोड्या उताराने. प्रत्येक तोटी मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाने बाक देऊन खाली आणली, म्हणजे तळाचं पाणी तोटीत उतरत नाही, आणि प्रत्येक उतरत्या पाइपाच्या टोकाला ड्रेन. पाणी वेगळं करणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवला तर तिथे हवा गरमच असते, पाणी वाफेच्या रूपात पुढे निघून जातं. तो गनच्या बाजूला, शेवटी बसवायचा.

पीव्हीसीचा पाइप हवेला कुणीही वापरू नये. पाण्याला तो दाब सहन करतो, पण दाबलेल्या हवेने फुटला की काचेसारखे धारदार तुकडे उडतात. नळ बसवणाऱ्याने मला तोच सुचवला होता, तेव्हा हे त्याला समजावून सांगितलं.

शेवटच्या दोन-चार मीटरांत हवा कशी मरते तेही पाहण्यासारखं आहे. बाजारातला ८ मिलिमीटरचा निळा गुंडाळीचा होज आतून पाच-साडेपाच मिलिमीटरच असतो. तो जोडला तर भिंतीवर सहा किलो दिसतात आणि डीए चालू करताच त्याच्या तोंडाशी तीन-चारच उरतात. मी १० मिलिमीटर आतल्या व्यासाचा रबरी होज घेतला, कपलरही मोठ्या भोकाचे घेतले. एवढा पंप आणून शेवटी अरुंद होज लावला तर सगळी मेहनत वाया.

दोन टप्प्यांचा पंप बारा किलोपर्यंत जाऊ शकतो, पण मी प्रेशर स्विच आठ ते दहावरच ठेवला आहे. माझ्या कुठल्याच हत्याराला सहा-सात किलोच्या वर लागत नाही आणि जास्त दाबायचं म्हणजे जास्त वीज, जास्त उष्णता. तेल कॉम्प्रेसरचंच टाकतो, गाडीचं मल्टिग्रेड नाही. नव्या पंपाचं पहिलं तेल लवकर बदललं. आत सुरुवातीचा बारीक लोखंडी भुगा उतरतो तो त्यात दिसतो. काम संपलं की टाकीचं पाणी सोडतो, महिन्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो मोकळा आहे ना पाहतो, पट्ट्याचा ताण तपासतो. चार किलो ते आठ किलोचा वेळ अधूनमधून पुन्हा मोजून भिंतीवर खडूने लिहितो. तो वाढायला लागला की व्हॉल्व्ह प्लेट उघडायची वेळ आली असं समजायचं.

पद्मिनीचे चारही दरवाजे घासून प्रायमरला तयार आहेत. डीए सलग चालवला तरी काटा सहाच्या खाली उतरत नाही, आणि एक दरवाजा संपवून कागद बदलेपर्यंत मोटर स्वतःहून बंद झालेली असते.